ठाव

‘पाण्यात पडले की पोहता येते’ हे वाक्य तुम्ही आजवर कितीदा तरी ऐकले असेल. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी, लग्न होऊन नव्या घरी जाताना, बऱ्याच वर्षांनी पुन्हा परीक्षेचा अर्ज भरताना कोणीतरी ते आपल्याला ऐकवतेच. ऐकवणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो, याविषयी मला शंका नाही. मात्र तो बहुधा काठावर उभा असतो आणि त्याचे कपडे कोरडे असतात, हेही मी पाहिले आहे. मी स्वतः एकदा असाच कोरड्या कपड्यांनी काठावर उभा होतो. त्या दिवशी जे घडले त्याची, आणि ते निस्तरण्यासाठी पुढे वर्षभर जे करावे लागले त्याची ही हकीकत आहे.

मानकोली हे भिवंडी तालुक्यातील आमचे गाव. मुंबई-नाशिक महामार्गावरचा मानकोली नाका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अवजड वाहनांच्या रांगा आणि दोन्ही अंगांना पसरलेली गोदामे एवढेच चित्र तिथून मनात राहते. पण रस्ता सोडून आत वळले की अजूनही भाताची खाचरे लागतात, गावतळे लागते आणि त्यापलीकडे तिवरांच्या आडून उल्हास नदीची खाडी दिसते. खाडीच्या पैल अंगाला डोंबिवलीच्या इमारती आहेत. तिकडच्या मोठागावाला जोडणारा पूलही आता झाला आहे. कर्जत, बदलापूर, कल्याण अशी वाट काढत आलेली ही नदी आमच्याकडे पोहोचेपर्यंत समुद्राच्या कह्यात गेलेली असते. दिवसातून दोनदा तिचे पाणी उलटे चढते.

अशा पाण्याच्या शेजारी वाढूनही मला पोहता येत नव्हते. मी आठ वर्षांचा असताना काकांनी मला गावतळ्यात टाकले होते. घशात गेलेले शेवाळी पाणी, पायांना कुठेच न लागणारा तळ आणि वर आल्यावर ऐकू आलेले काठावरचे हसणे, एवढे मला आठवते. काका दुष्ट नव्हते. त्यांनाही त्यांच्या वडिलांनी तसेच शिकवले होते आणि ते उत्तम पोहत. त्या रीतीने जे शिकतात त्यांनाच आपण मोजतो. जे कसेबसे काठाला लागतात आणि पुन्हा कधी पाण्याकडे फिरकत नाहीत, ते कोणाच्याच मोजणीत येत नाहीत. मी त्या न मोजलेल्यांपैकी होतो.

आमच्या घरी कोकी आली ती ठाण्यातील एका कुटुंबाकडून. चॉकलेटी रंगाची, दीड वर्षाची लॅब्राडोर कुत्री. लहान सदनिकेत तिला सांभाळणे त्यांना जमेना. तिचे मूळ नाव कोको. आईच्या तोंडी त्याचे कोकी झाले आणि तेच राहिले. बसून बसून ती फार स्थूल झाली होती आणि मागच्या पायांनी किंचित लंगडत होती. पशुवैद्यांनी तपासून सांगितले की खुब्याच्या सांध्यांचे दुखणे या जातीत बरेच आढळते. वजन उतरवायचे, पण सांध्यांवर भार पडू द्यायचा नाही, तर पोहण्यासारखा व्यायाम नाही. ‘लॅब्राडोरच आहे, पाण्यात आपणहून जाईल,’ असेही ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर राबत. गळातून निसटलेले मासे धरून आणणे, जाळ्यांचे दोर काठाकडे ओढणे ही त्यांची कामे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते मासळीच्या गलबतांतून इंग्लंडला पोहोचले. तेथील उमरावांनी त्यांना बंदुकीच्या शिकारीसाठी घडवले आणि १९०३ साली त्यांच्या केनेल क्लबने त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. मालकाच्या बंदुकीने पाडलेले बदक पाण्यातून अलगद, दातांचा व्रण न उमटवता, उचलून आणायचे हे या कुत्र्याचे काम. बोटांमधले पडदे, पाणी आत शिरू न देणारी दुपदरी लव, सुकाणूसारखी जाड शेपूट हे सगळे त्या कामासाठीच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची शिकारही थांबली. ते योग्यच झाले. त्यामुळे मानकोलीत या कुत्र्याला बंदूक नाही आणि बदकही नाही. पण काहीतरी उचलून आणून कोणाच्या तरी हाती द्यावे, ही ओढ त्याच्या रक्तात तशीच आहे. कोकी घरातली प्रत्येक चप्पल मला आणून देत असे. पाण्याच्या बादलीपासून मात्र ती चार हात दूर राही. पाणी म्हणजे न्हाणीघराचे बंद दार आणि अंगावर येणारी नळीची धार, एवढीच तिची आजवरची ओळख होती.

मे महिन्यातील एका दुपारी मी तिला गावतळ्यावर नेले. तळ्याचे पाणी खाली गेले होते, तरी घाटाच्या शेवटच्या पायरीपुढे पुरुषभर खोल होते. मी गुंडाळी पाण्यात फेकली; ती पायरीवर उभी राहून कुईकुई करू लागली. पुन्हा फेकली, पुन्हा तेच. उन्हाने मी वैतागलो होतो. जात पाण्याची आहे, पशुवैद्यांनी सांगितले आहे, एकदा पडली की येईलच, असे मनाशी म्हणत मी तिच्या गळपट्ट्यात हात घातला आणि तिला ढकलून दिले.

ती बुडाली नाही. कुत्रा सहसा बुडत नाही. पण घाबरलेला कुत्रा पोहतोही नाही, हे मी त्या दिवशी पाहिले. तिचे मागचे अंग खाली गेले, धड उभे झाले आणि पुढचे पंजे पाण्याबाहेर येऊन नुसते फडफडू लागले. जिना चढावा तशी ती पाणी चढू पाहत होती. चारदोन क्षणांत पंजे पायरीला लागले आणि ती वर आली. माझ्या अंगावर न येता, मला वळसा घालून ती घराच्या दिशेने पळाली.

त्यानंतर ती तळ्याच्या वाटेलाही वळेना. पण मला अधिक लागली ती दुसरी गोष्ट. मी गळपट्ट्याकडे हात नेला की ती मान आखडून घेई. चपला आणून देणे तिने बंद केले नाही. मात्र त्या ती माझ्या हाती न देता दोन हातांवर ठेवून मागे सरे.

आमच्या शेजारी नाना राहतात. तरुणपणी ते खाडीत पाग टाकून मासळी धरत. आता वयामुळे बाजेवर बसून असतात. मी त्यांना सगळे सांगितले आणि विचारले, ‘‘नाना, हिची पाण्याची भीती कशी घालवायची?’’ त्यांनी बराच वेळ कोकीकडे पाहिले. मग म्हणाले, ‘‘तिला पान्याची भीती नाय, पोरा. तुजी हाय.’’

बंदुकीबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांच्या शिक्षणाला एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत जे नाव होते, त्याचा शब्दशः अर्थ ‘कुत्रा मोडणे’ असा होतो. हचिन्सन नावाच्या सेनाधिकाऱ्याचे १८४८ सालचे प्रसिद्ध पुस्तक ‘डॉग ब्रेकिंग’ याच नावाचे आहे. आणि त्या पुस्तकाचा भर मात्र मोडण्यावर नाही, तर संयमावर आणि ममतेवर आहे. नाव मागे राहते आणि समज पुढे जाते, असे भाषेत पुष्कळदा होते. आपली पाण्यात पडण्याची म्हणही मला तशीच वाटू लागली. जाणत्या माणसांनी ती कधीच मागे टाकली होती. मी मात्र तिच्यापाशीच थांबलो होतो.

पावसाळाभर मी पाण्याचे नाव काढले नाही. त्या दिवसांत आमच्याकडच्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग कुत्र्यांना आणि माणसांनाही होऊ शकतो, म्हणून तसेही जाणे बरे नव्हते. तिला त्याची लस तेवढी देऊन आणली. बाकीचे चार महिने मी एकच काम केले. तिचे सकाळचे खाणे माझ्या तळहातावर ठेवायचे आणि थांबायचे. पहिल्या आठवड्यात ती मान लांब करून, पाय मागे रोवून खात असे. श्रावणात तिचे पाय पुढे आले. गणपतीच्या सुमारास एका संध्याकाळी खाणे नसतानाही तिने हनुवटी माझ्या तळहातावर टेकवली. मी हात हलवला नाही. ताटे वाढून झाली म्हणून आई आतून हाका मारत होती, तरीही हलवला नाही.

नवरात्रानंतर आम्ही पुन्हा तळ्यावर गेलो. या वेळी घाटावर नाही, तर पलीकडच्या उतरत्या काठावर. तुम्हाला कधी कोणा कुत्र्याला पाण्याची सवय लावायची असेल, तर आधी जागा पाहा. तळ हळूहळू उतरत गेलेला हवा, पायाखाली घट्ट माती हवी आणि पाणी कोमट हवे. दगडाच्या जुन्या खाणीत साचलेले पाणी दिसायला स्वच्छ असते, पण तिथे एका पावलात ठाव सुटतो; तिथे कधीच जाऊ नका. काठी-झुडपांत अडकू नये म्हणून गळपट्टा काढून ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आधी तुम्ही पाण्यात उतरा.

हे शेवटचे मला नानांनी सांगितले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तीस-पस्तीस वर्षांत मी त्या तळ्यात घोट्याच्या वर गेलो नव्हतो. पण कोकीला ज्या पाण्यात बोलवायचे, तिथे मी उभा नसेन तर तिने यावे तरी कशाच्या भरवशावर? म्हणून मी उतरलो. पहिले काही दिवस आम्ही दोघे वीतभर पाण्यात बसून राहत होतो. तिचे खाण्याचे ताट मी बोटभर पाण्यात ठेवी, दुसऱ्या दिवशी चार बोटे आत. नानांचा गावठी काळ्या आमच्या आजूबाजूला मनसोक्त डुंबत असे, आणि त्याचा उपयोग माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा अधिक झाला; न भिणारा सोबती दिसला की भिणाऱ्याला निम्मी वाट आपोआप सापडते. तरटात रिकामी बाटली गुंडाळून शिवलेली गुंडाळी मी अगदी काठाशी, मग तिच्या ढोपराएवढ्या पाण्यात, मग पोट भिजेल इतक्या पाण्यात टाकू लागलो. तीन-चारदा आणून झाली की तिची इच्छा शिल्लक असतानाच थांबायचे, हा नियम. मन भरेपर्यंत खेळवले, तर उद्या यायला कारण उरत नाही.

अशा रीतीने आम्ही एका सीमेपर्यंत आलो. मराठीत ‘ठाव’ हा एक सुंदर शब्द आहे. पाण्याचा तळ म्हणजे ठाव, राहण्याची जागा म्हणजे ठाव, आणि मनाच्या खोलीचाही आपण ठावच घेतो. ठाव आहे तोवर कुत्रा पाण्यात चालतो. ठाव सुटला की त्याला पोहावे लागते. या दोहोंमधले अंतर अवघे एका पावलाचे असते आणि ते पाऊल दुसऱ्या कोणाला त्याच्या वतीने टाकता येत नाही. आपण फार तर एवढे करू शकतो की ते पाऊल खरोखरच एका पावलाचे राहील. दहा पावलांचे होणार नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी गुंडाळी माझ्या अंदाजापेक्षा हातभर पुढे पडली. कोकी चालत गेली, छातीपर्यंत भिजली, मान लांब केली. गुंडाळी चार बोटे दूर होती. ती थांबली. मी कमरेएवढ्या पाण्यात तिच्याशेजारी उभा होतो. मी काहीही बोललो नाही. फक्त तळहात तिच्या पोटाखाली नेला, भार न घेता, नुसता लावून ठेवला. तिने पुढचे पाऊल टाकले आणि तिचे पाय सुटले. मागचे अंग खाली जाऊ लागले तसा माझ्या हाताला तिचा भार जाणवला, आणि दुसऱ्याच क्षणी तो नाहीसा झाला. पाठ सपाट झाली, शेपूट लांब झाली, पंजे पाण्याच्या आत चालू लागले. गुंडाळी तोंडात धरून ती वळली आणि काठाकडे गेली. आपण पोहलो हे तिला कळले होते की नाही, कोण जाणे. मला कळले होते, आणि त्या कमरेएवढ्या पाण्यात माझे पाय थरथरत होते.

त्या हिवाळ्यात तिचे वजन हळूहळू उतरले आणि लंगडणेही कमी झाले. मात्र सगळेच सुरळीत झाले असे समजू नका. एकदा गार पाण्यात फार वेळ राहिल्याने तिची शेपूट दोन दिवस दोरीसारखी लोंबत राहिली. पशुवैद्यांनी सांगितले की अशा कुत्र्यांमध्ये हे होते, विश्रांतीने बरे होते. कान नीट कोरडे न केल्यामुळे एकदा कानाचे दुखणेही झाले. आणि आजसुद्धा मागून कोणी अचानक गळपट्ट्याला हात घातला, तर ती मान आखडते. जी गोष्ट एका क्षणात मनात शिरते, ती वर्षभरातही पूर्ण बाहेर पडत नाही, हे मी मान्य केले आहे.

होळी झाल्यावर ऊन वाढले. कोकी तळ्याच्या मध्यापर्यंत जाऊ लागली आणि मी कमरेएवढ्या पाण्यात तिची वाट पाहत उभा राहू लागलो. एके दिवशी काठावरच्या दगडावर बसलेले नाना म्हणाले, ‘‘कुत्री गेली पुढं. आता तू कवा?’’ मी हसण्यावारी नेले. दुसऱ्या दिवशी ते धोतर खोचून पाण्यात उतरले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तळवा माझ्या पोटाखाली धरला. मी आडवा झालो, पाय सुटले आणि आठ वर्षांच्या मुलाच्या घशातली ती शेवाळी चव परत आली. मी त्यांचा खांदा घट्ट पकडला. ते रागावले नाहीत. ‘‘धर,’’ म्हणाले, ‘‘धरलंस तरी चाललं. उद्या सोड.’’ उद्या सोडले नाही. पंधरा दिवसांनी सोडले. आज मी त्या तळ्याची रुंदी कशीबशी पार करू शकतो. तेवढेच. पण आता मला तळाची खोली विचारावी लागत नाही.

वैशाखात तळे आटले, तेव्हा आम्ही खाडीकडे वळलो. वाहत्या पाण्याची गोष्ट वेगळी असते. नानांनी मला जुना हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. खाडीत आत आमच्यापर्यंत ती यायला आणखी वेळ लागतो. शिवाय अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याला उधाणाचा जोर नसतो. पाणी चढून थबकते, ती थोडी घटका आपली. म्हणून वैशाखातल्या अष्टमीला सकाळी आम्ही तिवरांमधल्या एका मोकळ्या, कठीण काठावर गेलो. समोरच्या चिखलात शेकाट्या आणि तुतवार चरत होते. पाखरांमागे धावायचे नाही, सांगेपर्यंत जागेवरून उठायचे नाही, हे कोकीला त्याआधी शिकवून झाले होते. बंदुकीसाठी घडवलेल्या जातीला पाखरे शांतपणे पाहायला शिकवणे, हाच त्या साऱ्या शिक्षणाचा आजच्या काळातला उपयोग असावा.

मी गुंडाळी फेकली. संथ वाटणारे पाणीही तिला कडेला नेऊ लागले. ‘‘जा,’’ म्हटल्यावर कोकी सरळ पाण्यात शिरली, प्रवाहाने थोडी तिरकी झाली, पुन्हा सरळ झाली. मी काठावर उभा होतो, पण या वेळी गुडघ्यापर्यंत भिजलेला. तिचे तपकिरी डोके लहान होत गेले, थांबले, वळले आणि मोठे होऊ लागले.

या कामात एक बारीकशी गोष्ट जाणकार आवर्जून पाहतात. पाण्यातून बाहेर येताच कुत्र्याला अंग झाडायची अनावर इच्छा होते आणि बहुतेक कुत्री त्यासाठी तोंडातली वस्तू आधी टाकून देतात. चांगला शिकलेला कुत्रा भिजल्या अंगाने तसाच मालकापाशी येतो, वस्तू हातात देतो आणि मग अंग झाडतो. मी हे कोकीला मुद्दाम शिकवले नव्हते. शिकवायला ज्या हाताचा भरवसा लागतो, त्याविषयी मला अजून खात्री नव्हती.

ती काठाला लागली. पोटाखालून पाणी निथळत होते, कान चिकटले होते. दोन हातांवर ती क्षणभर थांबली. नेहमी वस्तू ठेवून मागे सरायची ती हीच जागा. मी वाकलो नाही, बोलावले नाही. फक्त तळहात उघडा धरला. ती पुढे आली, गुंडाळी माझ्या हातात ठेवली आणि मगच तिने अंग झाडले. खाडीचे खारट पाणी माझ्या तोंडावर, चष्म्यावर, शर्टावर उडाले.

घरी आल्यावर तिला गोड्या पाण्याने धुतले आणि कान पुसले. आई म्हणाली, ‘‘अरे, आधी तुझे कपडे बदल. नखशिखांत भिजला आहेस.’’